कनवटीची सुपारी

कारखाना कॉलनी, सी-१४
५ सप्टेंबर २०२३

सौ. राजनंदिनीस,

नमस्कार. नवरा बायकोला नमस्कार लिहितो का, असं आई विचारतेय. तिला सांगितलं, रागावून माहेरी गेलेल्या बायकोला लिहितो.

'वैष्णवीशी रोज फोनवर बोला, माझ्याशी बोलायचं असेल तर पत्र लिहा,' असं सांगून तू शिरूरला गेलीस त्याला आता सहा महिने होतील. मीही हट्टाला पेटलो होतो. आजच्या काळात पत्र कोण लिहितं, असं म्हणत बसलो. आज मात्र माजलगावला जाऊन पाकिटं आणली, कारण बातमीच तशी आहे.

यंदा बॉयलर पेटवायच्या पूजेला आपलं जोडपं बसवायचं ठरलंय. काल चीफ इंजिनिअर साहेबांनी सगळ्या फायरमन लोकांसमोर हाक मारून सांगितलं. नवरात्रात पाचव्या माळेला, १९ ऑक्टोबरला. याचा अर्थ तुला सांगायला नको. पूजेला जे कामगार जोडपं बसतं, त्यातला गडी त्याच दिवाळीला कायम होतो. असं कुठे लिहिलेलं नाही, पण मी आल्यापासून एकदाही चुकलेलं नाही. आमच्यातला फायरमन पंडित आणि त्याची बायको बसले, पंडित कायम झाला. बारा हंगाम मी भट्टीसमोर भाजून घेतलं, आणि दर उन्हाळ्यात 'पुढच्या साली बोलावलं तर येऊ' म्हणत घरी बसलो. ते एकदाचं संपेल. क्वार्टर सोडा म्हणायची कुणाची टाप राहणार नाही.

निमंत्रणपत्रिका छापायला गेल्या. 'श्री. त्रिंबक व सौ. राजनंदिनी यांच्या शुभहस्ते.' माझं नाव आयुष्यात दुसऱ्यांदा छापून येतंय. पहिल्यांदा लग्नात आलं, तेव्हाही तुझ्याच शेजारी होतं.

एक दिवस ये. साडी कारखाना देणार आहे. तुला शेवाळी रंग आवडत नाही, ते मी आजच सांगून ठेवलंय.

तुझा
त्रिंबक

~

शिरूर कासार
१२ सप्टेंबर

वैष्णवीच्या पप्पांना,

पत्र पोचलं. तुमची ओळ अजून तशीच वर वर चढत जाते.

बातमी वाचून आनंद झाला. खोटं लिहीत नाही. बारा वर्षं तुमचे पोळलेले हात मीच बघितलेत, त्यावर खोबरेल मीच लावलंय.

पत्र लिहा म्हटलं ते भांडणापायी नव्हे. फोनवर तुम्ही बोलत राहता आणि मी 'बरं' म्हणून मोकळी होते. मग भांडी घासताना माझं म्हणणं मला आठवतं. कागदावर मला मधेच कुणी तोडत नाही.

वैष्णवीला बत्तीस दिवसांत एकदाही दम्याचा पंप ओढावा लागला नाही. परवा मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या पळत चढली आणि वर जाऊन मलाच हाका मारत उभी राहिली. मी खाली होते. मला रडू आलं, पण तिला दिसलं नाही. इथे गावात ऊसतोडीला निघायची तयारी चाललीय. मागे राहणाऱ्या लेकरांच्या वसतिगृहात दिवाळीनंतर स्वयंपाकाचं काम मला मिळेल असं दिसतंय.

आता दोन गोष्टी विचारते. मी कॉलनीत का नाही, याचं तुम्ही लोकांना काय सांगितलंय?

दुसरी गोष्ट कपड्यांची. हंगामात दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसायची हे सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. आपण उंबऱ्यातून पिठासारखी राख झाडायचो. पण वर्षातले तीन-चार दिवस असे असायचे, की घातले तसे पांढरे कपडे निघायचे. मला वाटायचं, वारा फिरला. इथे बसून आठवत गेले, तर ते सगळे दिवस बाहेरचे तपासणीवाले साहेब आल्याचे निघतात. गेटवर रांगोळी असायची ते दिवस. वारा साहेबांची गाडी बघून फिरतो का? तुम्ही बॉयलरवर असता, तुम्हाला माहीत असेल.

राजनंदिनी

~

कारखाना कॉलनी
१७ सप्टेंबर

सौ. राजनंदिनीस,

वैष्णवीचं वाचून लई बरं वाटलं. त्या चार ओळी मी आईला दोनदा वाचून दाखवल्या. आई म्हणाली, "पोरगी खोकती म्हनून कोन घर सोडतं व्हय? आमची लेकरं धुरातच वाढली." तू मनावर घेऊ नको, तिला तुमच्याशिवाय करमत नाही, पण ते तिला तसं म्हणता येत नाही.

लोकांना काय सांगितलं विचारतेस. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि तू त्यांच्या सेवेला गेलीस, असं सांगितलंय. रागावू नको. कॉलनीत भिंतीला भिंत लागून. बायको पोरगी घेऊन निघून गेली म्हटल्यावर नळावर आठ दिवस दुसरा विषय राहिला नसता.

इकडे पूजेची गडबड सुरू झाली. भट्टीच्या विटा नव्या बसवल्या, दारं रंगवली. बंकटनं परवा मला बाजूला घेतलं. तुला आठवत असेल, मागच्या ओळीत राहतो, नातवाला खांद्यावर घेऊन फिरतो तो. माझ्याआधी एक हंगाम लागलेला माणूस, पण अजून हंगामीच. मला म्हणाला, "त्रिंबक, तुझं झालं तर पुढचा नंबर माझा लागंल बे. वहिनीला टायमावर आन." म्हणजे तुझ्या येण्यावर माझं एकट्याचं नाही, त्याचंही अवलंबून आहे. सकाळी ये, दुपारी जा. तुझं काय जातं दोन तास बसायला?

साडी जांभळी ठरली.

त्रिंबक

~

शिरूर कासार
२२ सप्टेंबर

वैष्णवीच्या पप्पांना,

तुम्ही साडीचं लिहिलंत, विटांचं लिहिलंत, बंकटभाऊंचं लिहिलंत. कपड्यांचं लिहिलं नाही.

माझ्या आईचे गुडघे ठणठणीत आहेत. तुमचं पत्र ऐकून ती मोठ्यानं हसली आणि शेळ्या घेऊन माळावर गेली. जाताना म्हणाली, "जावईबापूंला म्हनावं, दुसरा गुडघा पन सांगून ठिवा, पुढच्या साली लागंल." ती हसली म्हणून मीही हसले. नंतर मात्र वाटलं, यांनी सहा महिने माझ्या आईला अंथरुणावर झोपवलं आणि पोरीच्या छातीचं एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही.

अकरा फेब्रुवारीला दुपारी वैष्णवीचे ओठ निळे पडले, तेव्हा मी तिला उचलून गेटपर्यंत पळाले. कारखान्याची गाडी कुठेतरी गेलेली होती. ऊस खाली करून निघालेल्या ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून मी माजलगाव गाठलं. तुम्ही आला नाहीत याचा मला राग नाही. पेटता बॉयलर सोडून फायरमनला हलता येत नाही, हे मला कळतं. राग आहे तो नंतरचा. डॉक्टर म्हणाले, हिला तिथून हलवा. आणि तुम्ही घरी येऊन म्हणालात, "कॉलनीतली सगळीच पोरं खोकतात."

कपड्यांचं लिहा. मग मी येण्याचं बघते.

राजनंदिनी

~

कारखाना कॉलनी
३० सप्टेंबर

राजनंदिनी,

तीन पाकिटं फाडली. हे चौथं.

वारा फिरत नव्हता. चिमणीच्या आधी एक टाकी आहे. बॉयलरचा धूर तिच्यातून जातो आणि आतमध्ये त्याच्यावर पाण्याचा फवारा बसतो. राख पाण्यात खाली बसते आणि वर पांढरी वाफ जाते. त्या पाण्याचा व्हॉल्व्ह बॉयलरच्या मजल्यावर, माझ्या उभं राहायच्या जागेपासून सात पावलांवर आहे. टाकीत बसलेली ओली राख रोज उपसून लांब टाकावी लागते, आणि पाणीही फार जातं. म्हणून हुकूम असा की तपासणी असली की फवारा चालू, एरवी बंद. लेखी हुकूम नाही. साहेब येतात, बोटानं दाखवून जातात.

ज्याची शिफ्ट असेल तो फायरमन चाक फिरवतो. म्हणजे बंकट, पंडित आणि मी.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं. तेव्हाचे साहेब म्हणाले, "तुला हंगामी म्हणून घेतलंय ना? मग हंगामी राहा." त्यानंतर मी विचारलं नाही. वैष्णवी झाल्यावर तरी विचारायला पाहिजे होतं. ती रांगत होती तेव्हा तिचे तळवे काळे व्हायचे आणि तू पदरानं पुसायचीस, ते मी बघायचो आणि शिफ्टला जायचो.

अकरा फेब्रुवारीला दुपारी फवारा बंद होता. तपासणीवाले सकाळीच येऊन गेले होते, म्हणून बारा वाजता शिफ्टवर आल्या आल्या चाक मीच फिरवलं होतं. तीन वाजता गेटवरच्या माणसानं वर येऊन सांगितलं, तुमची मंडळी पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. तो गेल्यावर मी त्या व्हॉल्व्हकडे बघत उभा राहिलो. तेव्हाही उघडला नाही.

सगळीच पोरं खोकतात असं मी म्हणालो, कारण तसं असलं म्हणजे ते माझ्या एकट्याकडून झालेलं नसतं.

आता तुला यायचं तर ये, नाहीतर नको येऊ. पत्रिका छापून आल्या आहेत. एक सोबत ठेवलीय.

त्रिंबक

~

शिरूर कासार
८ ऑक्टोबर

वैष्णवीच्या पप्पांना,

तुमचं पत्र वाचून मी चार दिवस कुणाशी नीट बोलले नाही. आई म्हणाली, अंगात कसर आहे का. मी हो म्हटलं.

मला तुमचा इतका राग आला, की बरं झालं तुम्ही समोर नव्हतात. मी सात वर्षं त्या पोरीचं नाक-छाती वाफेनं शेकत होते, ओवा बांधत होते, अंगारे लावत होते. आणि तुम्ही ओसरीत बसून विचारायचात, आज कसं आहे तिला. तुम्हाला माहीत असायचं.

आणि तरी एक सांगते. हे लिहिलंत ते फोनवर तुम्ही कधीच बोलला नसतात. तुम्ही ते फाडलं नाहीत, पोस्टात टाकलंत. त्यासाठी मी हे पत्र लिहितेय, नाहीतर लिहिलं नसतं.

मी येणार नाही. त्या भट्टीच्या दाराला हळदीकुंकू लावायला माझा हात उठणार नाही. पण तुमची नोकरी माझ्यापायी गेली असंही मला नको. बायको हजर नसली की गडी कनवटीला सुपारी लावून पूजेला बसतो. आमच्या गावात निम्म्या पूजा तशाच होतात, कारण घरातलं एक माणूस कुठेतरी कामाला गेलेलं असतं. आईच्या देवघरातली सुपारी या पाकिटात घातलीय. ती माझ्या जागी लावा. गुरुजी नाही म्हणणार नाहीत.

फक्त कुणी विचारलं की बायको कुठंय, तर गुडघा सांगू नका.

राजनंदिनी

~

कारखाना कॉलनी
२१ ऑक्टोबर

राजनंदिनी,

पूजा झाली. सगळं सांगतो.

सुपारी पोचली तेव्हा पाकिटाचा कोपरा फाटलेला होता. पोस्टमननं ते दोऱ्यानं बांधून आणलं. धोतर नेसताना मी ती कनवटीला खोचली आणि आईला दाखवली. आई तोंडात पदर धरून आत गेली.

मांडव घातला होता, सनई लावली होती, फोटोवाला बीडहून आला होता. तुझा पाट माझ्या उजव्या हाताला मांडलेला, त्यावर जांभळी साडी ठेवलेली. चीफ साहेब आले आणि म्हणाले, "मालकीण कुठं?" मी म्हणालो, "न्हाई आली साहेब. सुपारी हाय." ते म्हणाले, "कावून? सासूबाईचं अजून बरं न्हाई का?"

मी म्हणालो, "सासूबाईला काय झालेलं न्हाई. माझ्या पोरीला हितली राख सोसत न्हाई. डाक्टरनं हलवाया सांगितलं, म्हनून त्या दोघी तिकडं हाईत."

मोठ्यानं बोललो असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण ते खरं होणार नाही. आवाज खाली गेला होता. साहेबांनी, गुरुजींनी आणि मागं उभ्या असलेल्या बंकटनं ऐकलं, एवढंच. साहेब घड्याळात बघून म्हणाले, "चला गुरुजी, मुहूर्त टळतोय."

मी हळदीकुंकू लावलं. तुझा हात ज्याला उठला नसता, त्याला माझा उठला. नारळ फोडला, काकडा पेटवून आत टाकला. भट्टी पेटली तसे सगळे टाळ्या वाजवायला लागले. फोटोवाल्यानं पाटावरची साडी बाजूला ढकलून माझा एकट्याचा फोटो काढला. बातमीत मात्र तुझं नाव आलंय, कारण त्यांनी पत्रिकेवरून उतरवलं.

साडी आईनं पेटीत ठेवलीय. सुपारी माझ्याकडे आहे.

गाळप पाच नोव्हेंबरला सुरू. वैष्णवीला फोनवर हे काही सांगितलं नाही. तिला फक्त एवढंच सांगितलं, की पप्पानं एवढी मोठी चूल पेटवली.

त्रिंबक

~

शिरूर कासार
२ डिसेंबर

वैष्णवीच्या पप्पांना,

दिवाळी गेली. तुम्ही कायम झालात हे मला माझ्या आईच्या फोनवर आत्यांनी, तुमच्या आईनं, सांगितलं, तुम्ही नाही. अभिनंदन. वसतिगृहाचं काम सुरू झालं, साठ लेकरांच्या भाकरी करते.

सहा आठवडे पत्र नाही. वैष्णवी म्हणते, पप्पा फोनवर फक्त 'जेवलीस का' विचारतात.

गाळप सुरू होऊन महिना झाला. कपडे कसे वाळतात?

राजनंदिनी

~

कारखाना कॉलनी
११ डिसेंबर

राजनंदिनी,

लिहिण्यासारखं काहीतरी हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणून उशीर.

पाडव्याला ऑर्डर हातात पडली. ती येईपर्यंत, गाळपाचे पहिले नऊ दिवस, मी चाक बंदच ठेवलं. हे तुला आवडणार नाही, पण लिहितो. ऑर्डर घरी देवापुढे ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टवर गेलो तो सरळ सात पावलं चाललो आणि व्हॉल्व्ह उघडला. अर्ध्या तासात साहेब वर आले आणि बोटानं दाखवलं. मी म्हणालो, "साहेब, लेखी द्या." हंगामी असतो तर तिथेच घरी पाठवलं असतं. कायम माणसाला नुसतं 'उद्यापासून येऊ नको' म्हणता येत नाही, आणि असला हुकूम लेखी देता येत नाही. शेवटी म्हणाले, "तुझ्या शिफ्टला कर काय करायचं ते. राख मात्र तूच उपसायची." आता शिफ्ट सुटल्यावर मी आणि एक गडी टाकीतली राख उपसतो. त्यामुळे घरी यायला दीड तास जास्त लागतो.

म्हणजे माझे आठ तास फवारा चालू असतो. मी उतरलो की बंकट चढतो आणि चाक फिरवून बंद करतो. मग पंडित येतो, तो तसंच ठेवतो. पंडित कायम आहे, त्याला भीती नसावी. पण त्याचा मुलगा यंदा हंगामी लागलाय.

बंकटला मी विचारलं. म्हणालो, तुझा नातू पण खोकतो. तो चिडला. "तू कायम झाला म्हनून तुझा हात धजतो. गेल्या साली कावून न्हाई धजला? माझा धजला तर मी घरी बसंल, आन चाक फिरवाया दुसरा येईल." त्याचं एक अक्षर खोटं नव्हतं.

तरी आठ तास आहेत. आई म्हणते, कपड्यांत फरक आहे. माझी शिफ्ट बघून ती कपडे वाळत घालते, तिचं बघून शेजारच्या बायकाही घालायला लागल्यात.

तुझी सुपारी या पाकिटात परत पाठवतोय. यावेळी कापडात बांधलीय, म्हणजे पाकीट फाटणार नाही. तुझी जागा सुपारीनं धरलेली मला बघवत नाही. संक्रांतीला या दोघी. खिडक्यांना जाळी लावून घेतलीय, माझ्या हातानं.

त्रिंबक

~

शिरूर कासार
१९ डिसेंबर

वैष्णवीच्या पप्पांना,

पत्र वसतिगृहात मिळालं. पीठ लागलेल्या हातानंच वाचलं, तुमच्या कागदावर बोटं उमटलीत.

'लेखी द्या' म्हणालात, ते मी आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मी तुमच्यावर रागावले होते तेवढीच आज मला तुमची माया आली. शिफ्ट करून वर राख उपसता, हाताला तेल लावायला कुणी नाही, हे सारखं डोळ्यांपुढे येतं. असं वाटतं की उद्याच्या गाडीनं निघावं.

वैष्णवीला सांगितलं, पप्पांनी धुरावर पाणी सोडलंय, पण फक्त त्यांच्या शिफ्टला. तिनं बोटांवर आठ मोजले. मग म्हणाली, "मग आपण पप्पांच्या शिफ्टला जाऊ आणि शिफ्ट सुटली की परत येऊ." मी म्हटलं, शिफ्ट सुटल्यावर तर पप्पा घरी येतात. तिनं पुन्हा बोटं मोजली आणि म्हणाली, "म्हणजे पप्पा घरी असले की राख असते."

याचं उत्तर तुम्हीच तिला फोनवर द्या.

आठ तास थोडे नाहीत. पण तिला आठ तास श्वास घेऊन सोळा तास थांबता येत नाही.

बंकटभाऊंवर रागावू नका. ते बोलले ते खरंच आहे. पंडितभाऊंशी मात्र बोला. नळावरच्या बायकांशी मी बोलते, प्रत्येकीला पत्र लिहिते. कपडे कुणाच्या शिफ्टला वाळत घालायचे हे ज्या बायकांना कळलं, त्यांना बाकीचंही कळेल.

सुपारी तुम्ही बांधलेल्या त्याच कापडात परत पाठवतेय. अजून काही दिवस ती तुमच्याच कनवटीला राहू दे. फवारा चोवीस तास चालायला लागला, की ती आत्यांच्या देवघरात ठेवा आणि पत्र टाका. ती जांभळी साडी मी त्या दिवशी नेसेन.

राजनंदिनी